वर्गणी, माया धरून

१२ फेब्रुवारी १९९२

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

हे गेल्यावर तू येऊन गेलास त्याला सात आठवडे झाले. दोन दिवस राहिलास, पायरीवर बसून तीनदा चहा घेतलास आणि तीन वाक्यंसुद्धा बोलला नाहीस. मी म्हटलं, असू दे. ह्या घरातल्या पुरुषांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे अडकलेली चेन ओढण्यासारखं. जोर लावला की तीच हातात येते.

आता कामाचं. पुढची खोली अजून चालू आहे. म्हणजे ह्यांचा 'फळा'. तू तो कधी नीट पाहिला नाहीस म्हणून सांगते. दोन कॉम्प्युटर, चार टेलिफोन, चार डबड्या, तुम्ही मोडेम म्हणता त्या. गावोगावचे लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून इथे फोन लावतात. डबडी किंचाळते, आणि त्यांनी लिहिलेलं आपल्याकडे येऊन पडतं. मग दुसरा कुणी फोन लावतो, ते वाचतो, उत्तर टाकून जातो. शाळेतल्या फळ्यासारखं, फक्त वर्ग शंभर कोसांवर पसरलेला. टेलिफोन केंद्रात अठ्ठावीस वर्षं मेकॅनिकी केल्यावर हाती आलेला पैसा ह्यांनी त्यात घातला. मी तेव्हा म्हटलं होतं, लोक निवृत्त झाले की बाग करतात. तर म्हणाले, "ही बागच आहे, फक्त पाण्याऐवजी फोनचं बिल."

ती बाग आता माझ्या गळ्यात आहे. मार्च जवळ आला, की सभासदांच्या वार्षिक वर्गण्या येतात. ह्या आठवड्यात चौदा पाकिटं आली. काहींना ठाऊकच नाही, की घेणारा माणूस गेला. मी ती पाकिटं फोडलेली नाहीत, शिलाईयंत्राच्या खणात ठेवली आहेत. दुसऱ्याच्या कापडाला हात लावण्याआधी त्याला विचारावं, ही माझी सवय. इथे विचारायचं कुणाला?

माझ्या शिवणवर्गात अकरा मुली आहेत. त्या शिकत असतात आणि भिंतीपलीकडून चारी टेलिफोन शिट्ट्या मारत असतात. परवा एक नवी मुलगी म्हणाली, "बाई, आत कुणी आजारी आहे का?"

तू अनुदान विभागात आहेस, कॉम्प्युटरच्या जाळ्यांचंच काम करतोस. हे बंद कसं करतात ते सांग. बटण कुठलं ते मला दिसतं. पण ते दाबायचं कसं, ते कळत नाही.

तुझी,
वहिनी

*

२० फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न.

पत्र मिळालं. माझं मत विचारशील, तर सेवा बंद करावी. वेळ घालवू नये.

पायऱ्या अशा. आधी फळ्यावर सूचना लाव, की ३१ मार्चपासून सेवा बंद. मग आलेल्या वर्गण्या ज्याच्या त्याला परत कर. तिन्ही जास्तीच्या टेलिफोनचा अर्ज देऊन जोडणी काढून घे, घरचा एक ठेव. यंत्रं एकदम बंद करू नकोस. आधी आज्ञा द्यावी लागते, ती वेगळ्या कागदावर लिहिली आहे. यंत्रांना गिऱ्हाईक मी शोधून देतो. नाही मिळालं, तर मीच घेईन.

हे अशा घरगुती जाळ्यांचं सगळीकडेच होतं आहे. वर्गणीवर ती चालत नाहीत. सुरुवातीला लोक हौसेने भरतात, दुसऱ्या वर्षी निम्मे विसरतात, तिसऱ्या वर्षी चालवणाऱ्याचा खिसा रिकामा होतो. सरकारी अनुदान हवं, तर नोंदणीकृत संस्था, नियमावली, दरपत्रक, सगळं लागतं. दादाकडे त्यातलं काही नव्हतं.

तू ह्यात अडकू नयेस एवढंच. तब्येत सांभाळ.

तुझा,
बारक्या

*

५ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे सगळं करायला बसले. सूचना लिहिली. दोन बोटांनी लिहायला पाऊण तास लागला, आणि 'बंद' लिहिताना दोनदा 'बद' झालं. "फळा ३१ मार्चला बंद होईल. वर्गणी परत मिळेल. कळावे. मेकॅनिकची बायको." इथे कुणी नाव लावत नाही, कामावरनं किंवा टोपणनावानं ओळखतात. हे 'मेकॅनिक' होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाआधी पाहिलं, तर एकोणसाठ उत्तरं. वाचता वाचता चहा निवला. 'गुरांचे डॉक्टर' म्हणून एकजण आहे, त्याने लिहिलं, की मेकॅनिकने दोन वर्षांपूर्वी त्याला तासभर फोनवर शिकवून यंत्र जोडून दिलं, आणि त्या फोनचे पैसेही स्वतःच भरले. एक निवृत्त स्टेशनमास्तर आहे. तो चार गावच्या चार माणसांशी एकाच वेळी बुद्धिबळ खेळतो. त्याने लिहिलं, "बाई, माझा वजीर अडकलेला आहे. एप्रिलपर्यंत तरी थांबा."

हसले. म्हटलं चला, हौसेमौजेचं आहे. बंद झालं तर कुणाचं काय अडतंय. आणि दुपारी फोन आला. यंत्राचा नव्हे, माणसाचा.

"शिवणवाल्या बाई ना? मी फळ्यावरची 'लेकीची आई'."

"बोला."

"वर्गणी परत पाठवू नका म्हणून सांगायला फोन केला."

"अहो, पण फळाच राहणार नाही तर—"

"माझी मुलगी सात वर्षांची आहे. हाडं ठिसूळ आहेत तिची. शिंकली तरी बरगडी मोडते. आमच्या गावात असं मूल दुसरं नाही. डॉक्टर म्हणाले होते, पुस्तकात वाचलंय. फळ्यावर मला अशी चार घरं मिळाली. कसं उचलायचं, बाकाला गादी कुठल्या बाजूने लावायची, ताप आला तर कुठे धरायचं नाही, सगळं त्यांनी सांगितलं. तिला आंघोळ घालायला मी त्यांच्याकडून शिकले, बाई."

मग म्हणाली, "मी भांडत नाहीये. तुमच्यावर काय कोसळलंय ते कळतं मला. फक्त वर्गणी राहू द्या. परत आली, की सगळं संपलं असं वाटेल."

बारक्या, मी फोन ठेवला आणि सूचना पुसली. पुसायची आज्ञा तू दिलेल्या कागदावर नव्हती, तीही मी शोधून काढली.

पण आगीतून फुफाट्यात. टेलिफोनवाल्यांचं पत्र आलंय: हे घरगुती नव्हे, धंद्याचे टेलिफोन, म्हणून दर तिप्पट, आणि पंधरा मेच्या आत नवी अनामत भरा. ह्यांच्या वर्गणीत ते बसत नाही. तुमच्या अनुदानाचा छापील अर्ज असतो ना, तो पाठवशील? मी तुला ओळखीचा फायदा मागत नाही. अर्ज तेवढा पाठव.

वहिनी

*

१४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न.

अर्ज सोबत आहे. तीन प्रती लागतील. आशा धरू नकोस.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण भावनेवर जाळं चालत नाही. समितीसमोर पहिला प्रश्न येतो तो वर्गणीचा. सभासद किती, दर किती, वसुली किती. दादाने सगळ्यांना एकच दर ठेवला आणि एकेचाळीसपैकी अठरा जणांकडून घेतलाच नाही. कारणाच्या रकान्यात 'अडचण आहे' एवढंच. असा कागद पुढे आला, की कुणीही अधिकारी हेच म्हणेल, की हा छंद आहे, सेवा नव्हे. तेव्हा आधी दरपत्रक ठरव. संस्था नोंदव. पाच जणांची कार्यकारिणी कर. मगच अर्ज भर.

आणि घरी शिवणवर्ग आहे, त्याकडे लक्ष दे. तुझं पोट त्याच्यावर आहे.

बारक्या

*

२ एप्रिल

चि. बारक्यास,

उंटावरून शेळ्या हाकणं तुला चांगलं जमतं. पण शेळ्या हलल्या, म्हणून राग नाही.

रविवारी सभा घेतली, वर्गाच्या खोलीत. शिलाईयंत्रं भिंतीला सरकवली, सतरंज्या घातल्या. वाटलं होतं, सातआठजण येतील. एकतीस आले. तीन वर्षं एकमेकांशी रोज बोलणारी माणसं, पण तोंड कुणी कुणाचं पाहिलेलं नाही. दारात येऊन उभी राहायची, लाजायची आणि म्हणायची, "मी चष्मेवाला." की आतून ओरडा, "अरे, तू होय!" गुरांचे डॉक्टर म्हणजे माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई निघाली. स्टेशनमास्तर बिचारे दोन वर्षं तिला 'डॉक्टरसाहेब' म्हणत बैलांच्या गोष्टी सांगायचे. त्यांना कुठे तोंड लपवू असं झालं. ती म्हणाली, "मास्तर, बैलाला फरक पडत नाही, तुम्हालाही पडू देऊ नका."

मग वर्गणीचा विषय निघाला आणि हसणं थांबलं.

चष्मेवाला उठला. दुकान आहे त्याचं, माणूस सरळ आहे. म्हणाला, "जो जास्त वापरतो त्याने जास्त भरावं. मिनिटावर दर लावा. मी आठवड्यातून दहा मिनिटं येतो, काहीजण रोज तासतास असतात. न्याय तो न्याय."

दोघातिघांनी माना डोलावल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. मागे भिंतीशी एक बाई बसली होती, तोवर बोलली नव्हती. ती उठली, पिशवी घेतली आणि दाराकडे निघाली. चप्पल घालता घालता म्हणाली, "रोज तासतास येणारी मी आहे. बरोबर आहे तुमचं. मिनिटांचं मला परवडणार नाही." आवाजावरून ओळखलं, लेकीची आई.

चष्मेवाला पांढराफटक पडला. "अहो, मी तुम्हाला उद्देशून नाही—"

"माझी काही ना नाही. पण मला दान नको आणि फुकट नको," ती म्हणाली. "मेकॅनिक माझ्या नावापुढे 'अडचण' लिहायचे. माणूस देवासारखा, पण ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

मी सभेत बोलणारी नव्हे. पण वीस वर्षं मुलींना शिवण शिकवते, तेच तोंडातून आलं. म्हटलं, "बसा हो. झगा बेतताना आपण अंगाबरोबर कापत नाही. शिवणीत बोटभर कापड जास्त ठेवतो. त्याला आम्ही माया म्हणतो. बाहेरून दिसत नाही, कुणाच्या नावाची नसते. अंग वाढलं, की उसवायचं आणि सोडायचं. ठिगळ बाहेरून लावतात, ते दिसतं. वर्गणीतही माया धरा. टेलिफोनला लागेल तेवढा सगळ्यांचा सारखा दर. ज्याला जमेल त्याने वर काही घालावं, पण ते पाकिटात, नाव न लिहिता. ज्याला यंदा ओढाताण असेल त्याने त्यातून आपला दर भरलेला समजावा. कोण घालतो आणि कोण घेतो, ते मी एकटीने पाहायचं, आणि मी शिंपीण आहे, गिऱ्हाइकाचं माप चारचौघांत सांगत नाही."

डॉक्टरीणबाईने विचारलं, "आणि वापराचं काय? एकाने तासभर लाइन धरली, तर दुसऱ्याने काय करायचं?" त्यावर घासाघीस झाली. शेवटी ठरलं, की प्रत्येकाला एका वेळी वीस मिनिटं, मग लाइन सोडायची. लेकीची आई चप्पल काढून आत आली. म्हणाली, नवीन सभासदांना यंत्र जोडायला ती शिकवेल, तिला ते येतं. चष्मेवाल्याने तिला जागा करून दिली. हात वर झाले. संस्था झाली, कार्यकारिणी झाली, दरपत्रक झालं.

अर्ज भरलाय. एक प्रत तुला पाठवते. पाठवण्याआधी नजर घाल. मागच्या अर्जात काय राहिलं होतं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

वहिनी

*

२२ एप्रिल

चि. बारक्यास,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. अर्ज मी तसाच टपालात टाकला, मुदत होती.

माझ्या पत्रातली शेवटची ओळ मी आता पुन्हा आठवून पाहते आहे. टोचायला लिहिली नव्हती रे. सुई सरळच घातली होती. तुझ्या बोटात गेली असेल, तर सांग. तब्येत बरी आहे ना? जाऊबाईंचं पत्र आलं असतं, तरी कळलं असतं.

वहिनी

*

२६ एप्रिल

ती. वहिनीस,

तब्येत ठणठणीत आहे. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, सरळ लिहितो.

तीन वर्षांपूर्वी दादाचा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. तुला ते ठाऊक होतं, हे तुझ्या त्या ओळीवरून कळलं. एकेचाळीस आणि अठरा हे आकडे मी मागच्या पत्रात लिहून बसलो होतो, आणि ते त्या अर्जाशिवाय कुठे नव्हते.

मी त्यावर 'शिफारस नाही' लिहिलं. सही माझी. लोक म्हणतील भावाला दिलं, ही भीती होती. पण तेवढंच असतं, तर वर सांगून फाइल दुसऱ्याकडे देता आली असती. नियमात तशी सोय आहे. मी दिली नाही. का, ते आज सदतिसाव्या वर्षी पहिल्यांदा लिहितो आहे. मी बारा वर्षांचा असताना तू ह्या घरात आलीस. माझी फी दादाच्या पगारातून गेली, माझे शर्ट तुझ्या यंत्रावर शिवले गेले. मी इंजिनिअर झालो, जाळी कशी उभारावीत ह्यावर अहवाल लिहू लागलो. आमच्या विभागाने कितीतरी पैसा घालून जे जाळं दोन वर्षांत उभं केलं नाही, ते माझ्या शाळा सोडलेल्या भावाने पुढच्या खोलीत चालू करून दाखवलं. अर्ज वाचताना मला अभिमान वाटायला हवा होता. मला राग आला. एवढा, की मी त्यातल्या चुका लाल शाईने मोजल्या.

नंतर त्याला सांगितलं, समितीने ठरवलं, मी काय करणार. त्याने "बरं" म्हटलं. मग मला घरी यायला तोंड राहिलं नाही. सण नाही, वाढदिवस नाही, तीन वर्षं. आलो तो थेट डिसेंबरात, आणि पायरीवर बसलो. तू चहा देत होतीस. मला वाटत होतं, हिला कळलं, तर ही कप काढून घेईल.

फळा बंद कर म्हणून मी घाई केली, तीही तुझ्या काळजीने नव्हे. ते यंत्र चालू असेतोवर माझी सही जिवंत आहे असं वाटायचं.

तुझा नवा अर्ज इथे आला. माझ्याच टेबलावर. ह्या वेळी साहेबांना लेखी दिलं, की अर्जदार माझी वहिनी आहे. फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. तो कडक आहे. बहुधा नाकारेल. मी मध्ये बोलणार नाही. बोलायला हवं होतं तेव्हाही नीट वागलो नाही, आता गैर वागून त्याची भरपाई होणार नाही.

दादाला हे माहीत न होताच तो गेला, ह्याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, मला समजत नाही.

बारक्या

*

३ मे

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वर्गाला सुट्टी दिली.

त्यांना माहीत होतं. अरे, ज्या माणसाने तुला हात धरून लिहायला शिकवलं, त्याला तुझी सही ओळखू येणार नाही? नकाराचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि चार दिवस माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत. खोटं कशाला लिहू, फार लागलं त्यांना. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "अर्ज वाईटच होता ग. मी असतो, तरी नाकारला असता." मी म्हटलं, "पण तुम्ही समोरच्याला नुसता समितीचा निरोप दिला नसता." तर म्हणाले, "ते त्याला कळेल. कळलं, की येईल."

मी चारदा म्हटलं, तुम्ही लिहा. म्हणायचे, "मी आधी लिहिलं, तर त्याला वाटेल मी माफ करतोय. मोठ्याने माफ केलं, की धाकटा कायमचा धाकटाच राहतो. त्याला येऊ दे." आणि तू आला नाहीस. दोघेही एकाच मातीचे. आणि मी मध्ये टाचणीसारखी बसून राहिले. टाका घातला नाही. ती चूक माझी, ती मी तुझ्या पदरात टाकत नाही.

आता दुसरं. नव्या अर्जासाठी सभासदांचं रजिस्टर मी पुन्हा लिहून काढत होते. पहिला सभासद 'मेकॅनिक'. दुसरा कोण, माहीत आहे? 'बारक्या'. फळा सुरू झाला त्या दिवशीची तारीख. पुढे दर वर्षाची वर्गणी: भरली, भरली, भरली, भरली. नकारानंतरच्या वर्षांतही. स्वतःच्या खिशातून भरायचे. ज्या अठरा जणांची माफ केली त्यांच्यासारखी तुझी माफ करून टाकता आली असती, पण नाही केली. तुझ्या नावापुढे 'अडचण' लिहायला हात धजला नसेल.

तू एकदाही फोन लावला नाहीस, पण चार वर्षं तू पैसे भरलेला सभासद आहेस. तेव्हा रागवायचा हक्क मला आहे तसा यायचा हक्क तुला आहे. कप कुणी काढून घेत नाही.

वहिनी

*

११ मे

वहिनी,

शुक्रवारी निकाल लागला. अनुदान नाकारलं. 'राहत्या घरातून चालणाऱ्या सेवेस देता येत नाही.' अधिकारी स्वतः माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "दरपत्रक फार चांगलं होतं हो. असं कुणी लिहीत नाही. पण नियम आड आला." मी म्हटलं, "नियम बरोबर आहे." खरंच बरोबर आहे.

पंधरा तारखेचं काय करणार आहेस? मी भरतो, असं म्हणायला जीभ वळवळते, पण तुला ते चालणार नाही हे ठाऊक आहे. मी सभासद आहे, एवढंच म्हणतो. यंदाची वर्गणी सोबत आहे. माया धरून. पाकिटावर नाव नाही, पण हे पत्र त्यातच असल्यामुळे तुला कळेलच, त्याला इलाज नाही.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं, ही चूक केली. शेजारच्याने विचारलं, "काही वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही, घरचं पत्र आहे."

एक मोडेम विकत घेतलाय. जाळ्यांवर अकरा अहवाल लिहिले, पण घरी मोडेम नव्हता. बायको हसते आहे.

बारक्या

*

१७ मे

चि. बारक्यास,

भरलं. चारी लाइनींचं नाही जमलं. दोन ठेवल्या, दोन सोडल्या. टेलिफोनवाला तारा काढायला आला, तो ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. काढताना म्हणाला, "वहिनी, छिद्र बुजवत नाही. पुन्हा लागेल."

दोन लाइनी म्हणजे गर्दी, त्यात दुसरी डबडी गरम होते. वीस मिनिटं काटेकोर पाळावी लागतात. कुणी कुरकुर करत नाही. स्टेशनमास्तरांनी वेळापत्रक करून दिलंय, त्यांच्या इतक्या वर्षांच्या हौसेला तोंड फुटलं.

पाकिटं किती आली आणि कुणाची आली ते विचारू नकोस. एवढंच सांगते, सगळ्यात जाड पाकीट कुणाचं असेल असं तुला वाटेल, त्याचं नव्हतं.

तुझा संकेतशब्द ह्यांनी कुठे लिहून ठेवला होता देव जाणे. लेकीच्या आईने नवा करून दिलाय, कागदावर आहे. रविवारी सकाळी अकराला फोन लाव. मीही यंत्रापुढे बसेन. माझी दोनच बोटं चालतात, तेव्हा उतावळा होऊ नकोस.

वहिनी

*

२४ मे

वहिनी,

आत्ता सव्वाअकरा वाजून गेलेत. लाइन सोडली आणि लगेच लिहायला बसलो. तू जे पाहिलंस ते तुला ठाऊकच आहे, इकडचं सांगतो.

पावणेअकरापासून यंत्रापुढे बसलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि तो का घातला ते बायकोने विचारलं नाही. फोन लागला, डबडी किंचाळली. नाव विचारलं, 'बारक्या' लिहिलं. संकेतशब्द दोनदा चुकला.

मनात वेडी आशा होती, खोटं बोलत नाही. वाटलं होतं, फळ्यावरच्या माझ्या निरोपांच्या पेटीत त्याने काहीतरी लिहून ठेवलं असेल. चार वर्षं वर्गणी भरली, तर दोन ओळी तरी. पेटी उघडली. रिकामी होती. फक्त नव्या सभासदाला जी सूचना दिसते तीच, सगळ्यांना सारखी: "आत या. इथे कुणी पाहुणा नाही. काही अडलं तर मेकॅनिकला विचारा." मी ती वाचली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडलो. डिसेंबरात रडलो नव्हतो. बायको आत आली, पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मान वर केली, तर पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं. थांबत, खोडत, पुन्हा. "आ ला स." मग बराच वेळ काही नाही. मग "का".

मी लिहिलं, आलो. तू विचारलंस, जेवलास का. सकाळी अकरा वाजता. मी हो म्हटलं, आणि तू लिहिलंस, "खोटं". ते चार शब्द बोलायला आपल्याला सहा मिनिटं लागली. मला आयुष्यात इतकं भरभर कुणाशी बोलल्यासारखं वाटलं नाही.

मग तुला सांगणार होतो, की पुढच्या शनिवारी येतो, चार दिवसांची रजा टाकून, तुझी दुसरी डबडी गरम होते म्हणतेस ती पाहायला, आणि त्याच्या खोलीत बसायला. अर्धं लिहून झालं होतं. तेवढ्यात पडद्याच्या कडेला सूचना आली: दोन्ही लाइनी भरल्या आहेत, बाहेर एक सभासद थांबला आहे. तू कागदासोबत पाठवलेलं वेळापत्रक शेजारीच टाचलं होतं. अकरा वीस, लेकीची आई.

माझी चार मिनिटं उरली होती. मी वाक्य तसंच सोडलं आणि लाइन खाली केली.

ते उरलेलं वाक्य वर लिहिलं आहे. शनिवारी सकाळी पोचतो.

तुझा,
बारक्या